थायरॉइड काढून टाकलं, वजन मात्र वाढतंय. गोळी वाढवू का?

रानजाई (१४ सप्टेंबर, रात्री ११:१०)

इथे बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ४३ वर्षांची, नाशिकला असते. फेब्रुवारीत माझं पूर्ण थायरॉइड काढलं. गळ्याला गाठी होत्या, त्यातली एक श्वासनळीवर दाब देत होती. बायोप्सीत कॅन्सर वगैरे काही निघालं नाही, देवाची कृपा. ऑपरेशन छान झालं, आवाज पंधरा दिवस बसलेला होता तो पण परत आला, मानेवरचा व्रण तर आता मंगळसूत्रात लपतो. प्रॉब्लेम पुढचा आहे. ऑपरेशनच्या वेळी वजन ६४ होतं, आज ७१. सात महिन्यात सात किलो!! गौरीच्या वेळी ब्लाऊज घालायला गेले तर एकही हुक लागेना, ऐनवेळी सगळे उसवून घेतले. वर ज्या त्या बाईचं एकच, "तुला थायरॉइड आहे ना, मग वाढणारच वजन." अहो मला थायरॉइड नाहीये, तेच तर काढलंय :))

थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, थायरॉक्सिन, १०० मायक्रोग्रॅमची सुरू केली होती. दोन महिन्यांनी टीएसएच (रक्त तपासणीतला आकडा, थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की तो वाढतो) ११.४ आला म्हणून १२५, मग ८.९ आला म्हणून १५०. ऑगस्टमध्ये परत केला तर ६.२. म्हणजे अजून जास्तच. पुढची अपॉइंटमेंट ऑक्टोबरमध्ये आहे.

आता खरं सांगते, रागवू नका. जिममधली एक मैत्रीण म्हणाली की टीएसएच जास्त म्हणजे गोळी कमी पडतेय, गोळी वाढव, वजन आपोआप उतरेल. सासूबाईंची ५० ची बाटली घरातच असते. तीन आठवडे झाले, रोज रात्री झोपताना त्यातली एक जास्तीची घेतेय. वजन सव्वा किलोने उतरलं पण, म्हणून खूष होते. पण चार दिवसांपासून रात्री धडधड होते, झोप नाही, हात जरा थरथरतात. फोडणीत मोहरी टाकताना अर्धी ओट्यावर. हे गोळीमुळेच असेल का? आणि मुळात वजन कमी करायला किती डोस लागतो?

---

घाटमाथा (१४ सप्टेंबर, रात्री ११:३२)

ताई पहिलं काम, ती रात्रीची गोळी आजच बंद. दुसरं काम, उद्या सकाळी डॉक्टरला फोन. ऑक्टोबरची वाट बघायची नाही. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे पडताहेत असं वाटलं तर फोन पण नको, सरळ दवाखाना. बाकी चर्चा नंतर करू.

---

कोकमसार (१५ सप्टेंबर, सकाळी ७:०५)

घाटमाथांशी सहमत. ताई घाबरू नका पण हलक्यात पण घेऊ नका. डोस जास्त झाला की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर हाडं ठिसूळ होतात, पाळी जायच्या वयात तर जास्तच.

आणि "वजन कमी करायला किती डोस" याचं उत्तर, काहीच नाही. हे औषध वजनासाठी नाहीच. अमेरिकेत तर या गोळीच्या माहितीपत्रकात चौकट आखून इशारा छापावा लागतो की लठ्ठपणासाठी वापरू नका. तुमचा सव्वा किलो पण नुसती चरबी नसणार बघा, त्यात पाणी असेल, स्नायू असतील. हार्मोन जास्त झालं की शरीर स्वतःचे स्नायू पण खातं. मग जिने चढताना मांड्या लटपटतात.

माझं ऑपरेशन ६ वर्षांपूर्वी, पॅपिलरी नावाचा थायरॉइडचा कॅन्सर होता. माझा टीएसएच मुद्दाम खाली ठेवला होता, सुरुवातीला ०.१ ते ०.५ च्या मधे, आता सगळं ठीक आहे म्हणून जरा वर येऊ दिलाय. हे अशासाठी सांगतेय की कुठेतरी कुणाचा टीएसएच ०.२ दिसला आणि ती बारीक दिसली म्हणून आपलाही तसा करायला जाऊ नका. आमचा खाली ठेवतात तो उरलेल्या पेशींना चाळवू नये म्हणून, बारीक व्हायला नाही. तुमच्या गाठी साध्या होत्या, तुमचा नॉर्मल रेंजमधे हवा, बस.

---

मेडिकलवाला_भाऊ (१५ सप्टेंबर, दुपारी २:४०)

सोलापूरला माझं मेडिकल आहे, डॉक्टर नाही मी, पण २२ वर्षं काउंटरवर उभा आहे आणि थायरॉक्सिनच्या बाटल्या किती दिल्या त्याचा हिशोब नाही.

ताई तुमचा आकडा मला खटकतोय. थायरॉइड पूर्ण काढलेल्या माणसाला साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६४ किलोला १०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या डॉक्टरनी पहिला डोस बरोबरच काढला होता. मग १५० वर जाऊन पण टीएसएच ६ कसा? गोळी पोटात जातेय पण रक्तात जात नाहीये असं मला वाटतं. आता सांगा:
सकाळी गोळी किती वाजता, चहा किती वाजता, कॅल्शियम अजून चालू आहे का, ॲसिडिटीची गोळी चालू आहे का?

अजून एक गंमत बघा. सकाळची १५० ची घेऊन काही होत नव्हतं आणि रात्रीची ५० ची घेतल्यावर धडधड सुरू झाली. रात्रीची जेवणानंतर तीन-चार तासांनी रिकाम्या पोटी घेत असणार, म्हणजे ती नीट लागू पडली. सकाळचीच कुठेतरी मुरतेय.

---

रानजाई (१५ सप्टेंबर, रात्री ९:५५)

भाऊ तुम्ही डिटेक्टिव्ह आहात का?

सकाळी ६ ला उठते, गोळी घेते आणि चहा ठेवते. ६:१० ला चहा. दुधाचाच, आलं घालून. ॲसिडिटीची गोळी ऑपरेशनपासून चालूच आहे, डिस्चार्जच्या कागदावर होती, कुणी बंद कर म्हणालं नाही. ती पण सकाळीच घेते, सगळ्या एकदम घेतल्या की विसरत नाही म्हणून. आणि कॅल्शियम ५०० सकाळी नाष्ट्याबरोबर ७:३० ला आणि रात्री. ते पण कुणी बंद कर म्हणालं नाही.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. जास्तीची गोळी घेत होते हे सांगताना लाज वाटली पण सांगितलं. परवा बोलावलंय, ईसीजी काढू म्हणाले.

---

मेडिकलवाला_भाऊ (१५ सप्टेंबर, रात्री १०:२०)

मिळाला चोर. चोर कसला, टोळीच आहे.

गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास, शक्यतो एक तास काही नाही. दूध म्हणजे कॅल्शियम, दहा मिनिटांत दुधाचा चहा गेला की गोळीतलं औषध त्याला चिकटून बाहेर. कॉफी तर अजून वाईट. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत ४ तासांचं अंतर पाहिजे, तुम्ही दीड तासावर घेताय. ॲसिडिटीच्या जेल किंवा चघळायच्या गोळ्या असतील तर त्यांना पण ४ तास. आणि तुमची ती पॅन्टोप्राझोल टाइपची असेल तर ती पोटातलं ॲसिडच कमी करते, थायरॉक्सिनला विरघळायला ॲसिड लागतं, तिथे तासांचं अंतर ठेवून पण भागत नाही. मुळात गरज आहे का तेच डॉक्टरला विचारा. वर कॅल्शियम कार्बोनेटला पण ॲसिड लागतं, म्हणजे एक गोळी दोघींना नडतेय. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट असेल तर कधीही चालतं.

पण एक हात जोडून सांगतो. उद्यापासून एकदम सगळं सुधारून १५० तशीच चालू ठेवू नका!! आतापर्यंत गळकी टाकी भरत होता, आता भोक बुजवलं की ती वाहून जाणार. वेळा बदलताय हे डॉक्टरला सांगून डोस ठरवून घ्या. कॅल्शियम पण आपल्या मनाने बंद करायचं नाही.

---

सदाफुली२ (१६ सप्टेंबर, सकाळी ११:१५)

एवढं केमिकल पोटात कशाला घालायचं म्हणते मी. माझ्या नणंदेने कांचनार गुग्गुळ घेतला, धन्याचं पाणी प्यायली, कोबी फ्लॉवर सोडला, सैंधव मीठ सुरू केलं, सहा महिन्यात गोळी सुटली. मुळावर घाव घातला पाहिजे.

---

घाटमाथा (१६ सप्टेंबर, सकाळी ११:४१)

मूळ फेब्रुवारीतच कापून लॅबला पाठवलंय, आता घाव कशावर घालणार?

---

कोकमसार (१६ सप्टेंबर, दुपारी १:००)

घाटमाथा :)) पण सदाफुलीताई, यात चेष्टेचं नाही, हा फरक खरंच महत्त्वाचा आहे. तुमच्या नणंदेची ग्रंथी जागेवर आहे. काहींचा थोडासा वाढलेला टीएसएच आपणहून पण खाली येतो. रानजाईताईंकडे कारखानाच नाही. ती गोळी म्हणजे औषधापेक्षा शरीर जे बनवायचं तेच बाहेरून देणं. बंद केली तर दोन-तीन आठवडे काही कळणार पण नाही, कारण हे हार्मोन रक्तात निम्मं व्हायलाच ७ दिवस लागतात, माणूस म्हणतो बघा गोळी सोडली तरी ठणठणीत. मग हळूहळू थंडी वाजते, सूज येते, डोकं चालत नाही, आणि तशीच ताणली तर कोमापर्यंत जातं. मला माहितेय कारण रेडिओ-आयोडीनच्या (उरलेल्या थायरॉइडच्या पेशी मारायला देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन) आधी माझी गोळी महिनाभर मुद्दाम बंद ठेवली होती, टीएसएच ३० च्या वर न्यायला. परळला आरएमसीत, भाभा अणुसंशोधनचं केंद्र आहे ना टाटाच्या इमारतीत, तिथे. त्या महिन्यात माझं ४ किलो वाढलं, तेही बिनआयोडीनच्या मिठाचं बेचव जेवून. मासे बंद, दूध बंद. मालवणी बाईला मासे बंद म्हणजे काय ते विचारू नका. गोळी परत सुरू झाल्यावर त्यातलं बरंचसं आपणहून गेलं.

आणि कोबी-फ्लॉवर! त्यांचा त्रास ग्रंथीला होतो असं म्हणतात, आयोडीन घेऊ देत नाहीत म्हणून. ग्रंथीच नाही तर कोबी बिचारा कुणाला त्रास देणार? खुशाल खा. मीठ पण साधं आयोडीनचंच खा, घरातल्या बाकीच्यांना ते लागतंच. सोयाबीन तेवढं गोळीच्या जवळपास नको, तेही शोषणाला आडवं येतं.

---

सदाफुली२ (१६ सप्टेंबर, दुपारी ४:२२)

बरं बाई. काढलंय हे मी नीट वाचलंच नव्हतं. पण अश्वगंधा तरी घेऊ शकते ना अशक्तपणाला?

---

मेडिकलवाला_भाऊ (१६ सप्टेंबर, रात्री ८:३०)

विचारल्याशिवाय नको. अश्वगंधाने थायरॉइडचे आकडे हलल्याचं नोंदलं गेलंय. आकडे एकदा स्थिर होऊ देत. तशीच बायोटिन, केसांच्या गोळ्यांत असते ती. थायरॉइड गेल्यावर केस गळतात म्हणून निम्म्या बायका घेतात. ती टेस्टलाच फसवते, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसू शकतो. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस तरी बंद ठेवायची आणि लॅबवाल्याला सांगायचं.

---

रानजाई (१८ सप्टेंबर, रात्री १०:०५)

जाऊन आले. ईसीजी ठीक, ठोके ११० होते पण नियमित. रागावले नाहीत, पण म्हणाले, "परत असं केलंत तर निदान मला तरी सांगा." ॲसिडिटीची गोळी बंद केली. सकाळची १२५ केली. कॅल्शियम आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) तपासलं, कॅल्शियम ९.२, पीटीएच पण नॉर्मल, म्हणजे त्या शेजारच्या चार छोट्या ग्रंथी शाबूत आहेत, म्हणून कॅल्शियम आता एकच, दुपारच्या जेवणात, महिनाभराने ते पण बंद करायचा विचार. आठ आठवड्यांनी परत टीएसएच. मी म्हटलं पंधरा दिवसांनी करते ना, तर म्हणाले पैसे वाया, डोस बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात, आधी केला की चुकीचा आकडा बघून चुकीचा डोस बदलतो.

धडधड अजून आहे, कमी आहे. उतरायला दोन आठवडे लागतील म्हणाले.

---

चिंगी (१९ सप्टेंबर, दुपारी १२:१२)

माझं ऑपरेशन गेल्याच आठवड्यात झालं. कालपासून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. कॅल्शियम चालू आहे पण परवा प्रवासात दोन डोस राहिले. वाट बघू का?

---

कोकमसार (१९ सप्टेंबर, दुपारी १२:२०)

नको गं!! आत्ता सर्जनच्या दवाखान्यात फोन कर. कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण आहे हे. हाताची बोटं आखडून चोचीसारखी झाली, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वासाला त्रास झाला, झटका आला तर एकटी न राहता लगेच हॉस्पिटल, शिरेतून कॅल्शियम देतात, तासाभरात बरं वाटतं. कळव.

---

चिंगी (१९ सप्टेंबर, रात्री ९:४०)

कळवते. कॅल्शियम ७.४ निघालं. सलाईनमधून दिलं, आता गोळ्या वाढवल्यात आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचंच एक रूप) पण दिलंय. थॅंक्यू ताई, मी खरंच सोमवारपर्यंत थांबणार होते.

---

टेकडीवाली (२० सप्टेंबर, सकाळी ६:५०)

मूळ मुद्द्यावर येऊ का, वजन? माझं ३ वर्षांपूर्वी काढलंय, पुण्यात असते, रोज हनुमान टेकडी, तरी ८ किलो वाढलं होतं. माझ्या डॉक्टरनी मला एक वाक्यात गप्प केलं, "टीएसएच नॉर्मल असेल तर यातलं थायरॉइडचं किती आणि फरसाणचं किती ते तुम्हीच सांगा." राग आला पण घरी येऊन लिहून काढलं. थायरॉइड कमी पडल्यामुळे जे वाढतं ते साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ आणि पाणी. डोस बसला की ते सुटतं. बाकीचं आपलं.

रानजाई, ऑपरेशननंतर काय काय खाल्लंस ते आठव जरा.

---

रानजाई (२० सप्टेंबर, रात्री १०:३०)

आठवलं. आई आली होती महिनाभर. डिंकाचे लाडू, रोज दोन. "ऑपरेशन झालंय, अंगात ताकद यायला पाहिजे." मी म्हटलं आई बाळंतीण नाहीये मी, तर म्हणाली गळा कापला तुझा. तिच्याशी कोण वाद घालणार. मग उन्हाळ्यात आंबे, मुलांना सुट्टी, दुपारी झोप. चालणं शून्य, कारण जिन्यात दम लागायचा (तो टीएसएच ११ चा दम होता हे आता कळतंय).

---

टेकडीवाली (२१ सप्टेंबर, सकाळी ७:१५)

हेच गं. मी काय केलं ते सांगते, डाएट चार्ट नाही हा. तेल मोजलं. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी आणि आमच्याकडे तिघांच्या भाजीला मी अंदाजाने पळीभर ओतायचे. महिन्याला किती पिशव्या लागतात ते मोजलं, तिथेच डोळे उघडले. दुसरं, उसळ रोज. मटकी, मूग, कधी अंडी, जेवणात ताक, पिठलं असेल तर भात अर्धा. प्रोटीन वाढलं की चारची भूक आपोआप कमी होते. तिसरं, नुसतं चालून भागेना म्हणून घरीच उठाबशा आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीनदा. स्नायू टिकले पाहिजेत आपले, हाडं पण. ८ पैकी ५ किलो गेलं, दीड वर्षात. दीड महिन्यात नाही.

एक विचारायचं होतं. त्या वजनाच्या इंजेक्शनचं काय? माउन्जारो २०२५ च्या मार्चमध्ये इकडे आलं तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या तिघी घेताहेत. थायरॉइडवाल्यांना चालत नाही म्हणतात.

---

मेडिकलवाला_भाऊ (२१ सप्टेंबर, रात्री ९:१०)

सगळ्या थायरॉइडवाल्यांना बंदी नाही. त्यावर इशारा आहे तो मेड्युलरी नावाच्या थायरॉइड कॅन्सरचा, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात झाला असेल किंवा एमईएन-२ नावाचा आनुवंशिक आजार असेल तर घ्यायचं नाही. पॅपिलरीवाल्यांनी किंवा साध्या गाठीवाल्यांनी आपल्या डॉक्टरला बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून विचारायचं. "थायरॉइड काढलंय" एवढंच सांगून भागत नाही, का काढलं ते सांगा. बायोप्सीचा कागद लॅमिनेट करून ठेवा म्हणतो मी.

आणि याच जातीच्या सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाची तोंडाने घ्यायची गोळी आहे, ती पण सकाळी रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर आणि मग अर्धा तास थांबायचं. दोघींना एकच वेळ हवी, भांडण ठरलेलं. शिवाय तिच्याबरोबर थायरॉक्सिन रक्तात जवळपास एक तृतीयांश जास्त चढतं असं तिच्या माहितीपत्रकातच आहे. वजन दहा किलोने उतरलं तर थायरॉक्सिनचा डोस पण जास्त ठरू शकतो. म्हणजे असलं काही सुरू केलं की टीएसएच परत तपासायचा.

स्ट्रिप नसलेल्या, पुडीतल्या, "हर्बल स्लिमिंग" वाल्या कॅप्सूल तर हातात पण धरू नका.

---

न्यूजर्सीची_मावशी (२२ सप्टेंबर, सकाळी ५:१०)

मी इकडे १४ वर्षं गोळीवर आहे. एक सांगते, कंपनी बदलू देऊ नका. इकडे फार्मसीवाले न विचारता दुसऱ्या कंपनीची देतात. गोळ्यांचे रंग ताकदीप्रमाणे ठरलेले आहेत, १०० ची पिवळी, ११२ ची गुलाबी, त्यामुळे रंग तोच दिसतो आणि लक्षात येत नाही. बदललीच तर ६ आठवड्यांनी टीएसएच. आणि भारतात येताना बॅगेत नाही, पर्समध्ये ठेवते. एकदा बॅग हरवली आणि चार दिवस गोळी नव्हती, काही आभाळ कोसळलं नाही, पण जेट लॅग आणि ते मिळून रडकुंडीला आले होते.

---

मेडिकलवाला_भाऊ (२२ सप्टेंबर, दुपारी ३:००)

मावशी १०० टक्के बरोबर. आमच्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशी नावं चालतात, जी लागू पडलीय तीच ठेवा. आणि काउंटर सोडायच्या आधी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा. १२.५ ची पण येते आणि १२५ ची पण. मधला टिंब गर्दीत कुणाला दिसत नाही. माझ्याच दुकानात पोराने एकदा एकीच्या जागी दुसरी दिली होती, गिऱ्हाईक गल्लीच्या टोकापर्यंत गेलं होतं, पळत जाऊन आणली. ८८, ११२, १३७ असली पण असतात, मोडून अर्धी करत बसू नका. आणि बाटली गॅसजवळच्या फडताळात किंवा बाथरूममध्ये नको, उष्णता आणि दमटपणा दोन्ही वाईट.

---

चिंगी (२४ सप्टेंबर, रात्री ८:००)

मी आता बरी आहे. एक प्रश्न, नवरात्र आलं, नऊ दिवसांचे उपास धरते मी. गोळी चालते का? आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.

---

कोकमसार (२४ सप्टेंबर, रात्री ८:४५)

गोळी पाण्याबरोबर घ्यायची, देवीला चालतं :) पण नुकतंच सलाईन लागलंय तुला, या वर्षी कडक उपास नकोच, कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायचंय ना. उपासाला दूध आणि राजगिरा सकाळी सकाळी होतो, गोळीनंतर तासभर सोड.

बाळाचं आधीच डॉक्टरला सांगून ठेव, टीएसएच आधी जागेवर आणतात. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन कर, गरज पाव ते निम्म्याने वाढते. मला दुसऱ्या वेळी लगेच डोस वाढवून दिला होता आणि दर चार आठवड्यांनी तपासणी. बाळंतपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही देतात, चार तासांचं अंतर तेव्हा सगळ्यात जास्त लक्षात ठेव.

---

घाटमाथा (२५ सप्टेंबर, सकाळी १०:१०)

नवऱ्याच्या बाजूने एक. बायकोचं काढलंय, तिला सकाळची गोळी जमेना. आमच्याकडे सकाळी पाचला दूध तापतं, सासू-सून-मुलं सगळ्यांचा चहा एकत्र, आणि तासभर चहाशिवाय ती माणसांत नसते. डॉक्टर म्हणाले रात्री घ्या, शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. आम्ही साडेसातला जेवतो, साडेदहाला गोळी, गजर माझ्या फोनवर. एकदा बसलं की बसलं. विसरली तर? आमच्या डॉक्टरनी सांगितलंय की आठवली की घ्या, पूर्ण दिवस गेला असेल तर दुसऱ्या दिवशी विचारून घ्या, हृदयाचा त्रास असलेल्यांनी एकदम दोन घ्यायच्या नाहीत. आणि रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर.

---

रानजाई (१६ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय. आठ आठवडे झाले. टीएसएच ०.२१!! १२५ वर. म्हणजे भाऊ म्हणाले तसंच, टाकीचं भोक बुजलं. १५० वरच राहिले असते तर काय झालं असतं ते नको. आता ११२. कॅल्शियम पूर्ण बंद, मुंग्या नाहीत. वजन ७०.४. फार नाही उतरलं, पण पायावरची सूज आणि डोळ्याखालच्या पिशव्या गेल्या, जाऊबाई म्हणाल्या चेहरा उतरल्यासारखा दिसतो, ते मी कॉम्प्लिमेंट म्हणून घेतलं. दिवाळीचा फराळ केला, तळला, वाटला, आणि खाल्ला पण. खोटं कशाला बोलू.

जिममधल्या मैत्रिणीला सांगितलं सगळं. ती स्वतः आईची गोळी घेत होती म्हणे, तिचं तर थायरॉइड शाबूत आहे. तिला पण डॉक्टरकडे पाठवलंय.

---

टेकडीवाली (१७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०)

फराळ माफ. चालणं?

---

रानजाई (१७ नोव्हेंबर, रात्री १०:००)

संध्याकाळी गंगापूर रोडला ४० मिनिटं, पाच दिवस. उठाबशा वीसपर्यंत आल्यात. आधी कमोडवरून उठताना मांड्या थरथरायच्या.

---

रानजाई (११ जानेवारी, रात्री ८:५०)

टीएसएच १.८. पुढचा आता सहा महिन्यांनी, आणि मग वर्षातून एकदा. वजन ६८.२. डॉक्टरांनी विचारलं, "आता गोळी वाढवू का?" आणि हसले. मी पण हसले.

संक्रांतीचं वाण म्हणून यंदा सगळ्यांना तेल मोजायचे चमचे देणारे.

---

सदाफुली२ (१२ जानेवारी, दुपारी १:३०)

मस्त! अभिनंदन गं. आणि सकाळच्या चहाचं काय केलंस शेवटी?

---

रानजाई (१२ जानेवारी, रात्री ९:१५)

उशाशी तांब्या आणि बाटली ठेवते. साडेपाचला मुलाच्या क्लासचा गजर होतो तेव्हा अर्धवट झोपेत गोळी घेते आणि परत आडवी. साडेसहाला उठून चहा, आलं घालून. नवरा सहाला स्वतःचा स्वतः करून पितो. आधी कुरकुरला, आता म्हणतो माझा चहा तुझ्यापेक्षा बरा होतो.